थोरल्या जावयाचा रुसवा

अमरावती,
६ मार्च २०२६

श्रीयुत जानराव हिवसे यांस,
खुशालराव निचत यांचा सा. न. वि. वि.

आपली कन्या चि. आरती हिच्या लग्नाची पत्रिका काल पोचली. पत्रिका देखणी आहे. गणपतीच्या चित्राखाली, कुलदैवताच्याही वर, ‘नृत्यसाधिका कै. सौ. वच्छलाताई निचत यांच्या कृपाशीर्वादाने’ अशी सोनेरी ओळ छापली आहे. आपल्या बहिणीचे, म्हणजे माझ्या पत्नीचे नाव सोनेरी अक्षरांत मी प्रथमच पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

हे मी फोनवर बोलू शकलो असतो. परंतु फोनवर आपण बोलता आणि समोरच्याला ऐकावे लागते. शिवाय महाविद्यालयात वाणिज्य शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे महत्त्वाची गोष्ट लेखी असावी, अशी मला सवय आहे.

त्या सोनेरी ओळीचे कारण मला ठाऊक आहे. नागपूरचे व्याही कलाप्रेमी आहेत आणि वरमाई शास्त्रीय नृत्याचे कार्यक्रम चुकवत नाहीत, असे सौ. इंदूवहिनींनी मागेच कळवले होते. बैठकीत आपण छातीवर हात ठेवून सांगितलेत की माझी सख्खी बहीण कथक शिकवत असे, आमच्या रक्तातच कला आहे. आणि त्याच संध्याकाळी होकार आला. वच्छला गेल्यानंतरही माहेरच्या उपयोगी पडली, याचा तिला आनंदच झाला असता. मला झालेला नाही.

आपल्या स्मरणशक्तीस मदत व्हावी म्हणून पुढील मजकूर लिहितो. २०२४ सालच्या गुरुपौर्णिमेला वच्छलेच्या वर्गातील मुलग्यांची पहिली तुकडी रंगमंचावर जाणार होती. मुलींना ती अनेक वर्षे शिकवत होती. मुलगे मिळवण्यासाठी मात्र तिने किती उंबरे झिजवले ते मी पाहिले आहे. भाजीवाल्यापासून बँकेच्या शाखाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला ती विचारी की तुमचा मुलगा का येत नाही. लोक हसत. एका गृहस्थाने तर, मॅडम, त्याला दहावीत कमी गुण मिळाले तर पाठवतो, असे उत्तर दिले होते. अखेर पाच मुलगे जमले. सहावा आपला कुलदीप, जो शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होता. बोलताना अडखळणारा हा मुलगा पायांनी सलग बोलतो, असे ती मला म्हणाली होती.

त्या सकाळी मी तिवशाला एका सहकाऱ्याकडे गेलो होतो, हे आपले भाग्य. आपण अकोल्याहून आलात. अंगणात सराव करणाऱ्या कुलदीपचे मनगट धरलेत आणि त्या पाच मुलांच्या आयांसमोर बहिणीला विचारलेत, की माझ्या पोराचा नाच्या करायला मी त्याला तुझ्याकडे ठेवला होता काय. मग वाकून त्याच्या पायांतील घुंगरांची दोरी हिसकून तोडलीत. घुंगरू अंगणभर उडाले. आपण मुलाला गाडीत बसवून निघून गेलात. कार्यक्रम झाला नाही. आठवड्याभरात ते पाचही मुलगे येईनासे झाले. मॅडमचा सख्खा भाऊच असे म्हणतो तर आम्ही काय समजायचे, असे त्यांच्या वडिलांचे म्हणणे होते.

वच्छला आपल्याविषयी एकही वावगा शब्द बोलली नाही. कितीतरी दिवस ती जास्वंदीच्या बुंध्याशी बसून घुंगरू वेचत होती. मग आजार आला आणि पुढल्या मार्चमध्ये ती गेली. आजार आपण दिला असे मी म्हणत नाही. जे आपल्या नावावर नाही ते मी आपल्या नावावर घालणार नाही. जे आहे तेवढे पुरेसे आहे.

आणि तिच्या शोकसभेत आपण माइक हाती घेऊन सांगितलेत, की तिच्या साधनेमागे आम्ही हिवसे कुटुंबीय पहाडासारखे उभे राहिलो. मी पुढच्या रांगेत होतो. ती सभा तिची होती म्हणून बसून राहिलो.

आता मूळ मुद्दा. आपल्या घराण्यात मांडवाची पहिली डहाळी थोरला जावई रोवतो आणि ती रोवल्याखेरीज आचाऱ्याची कढई चुलीवर चढत नाही. जावयाने त्या वेळी रुसावे आणि सासरच्यांनी त्याची समजूत काढावी, हीही रीतच आहे. आपले धाकटे मेहुणे श्यामराव एकदा पंखा नीट फिरत नाही म्हणून रुसले होते आणि मनगटी घड्याळ घेऊन उठले होते. मी एकतीस वर्षांत कधीही रुसलो नाही. या लग्नात रुसणार आहे. पूर्वसूचना देणे सभ्यपणाचे, म्हणून कळवले.

लोभाविषयी या वेळी विनंती करीत नाही.

आपला,
खुशालराव निचत

*

अकोला,
१४ मार्च २०२६

श्री. खुशालराव जावईबापू यांस,
जानराव हिवसे यांचा सप्रेम रामराम.

पत्र मिळाले. माथ्यावर ‘श्रीयुत’ पाहिले. इतकी वर्षे तुम्ही मला ‘ती. स्व.’ लिहीत आलात. असो. माणूस एकटा पडला की मनात नाही नाही ते येते, असे मी घरात सांगितले.

त्या दिवशी माझा आवाज चढला, हे मी नाकारत नाही. पण बापाचे काळीज तुम्हाला मूलबाळ नसल्यामुळे समजायचे नाही. जठारपेठेत माझे बी-बियाण्यांचे दुकान आहे, समाजाच्या मंडळाचा मी अध्यक्ष आहे. दुकानात येणारा माणूस बियाण्याची पिशवी बाजूला ठेवून विचारे, जानरावभाऊ, तुमचं पोट्टं तिकडे अमरावतीले कंबर हालवून राहिलं म्हणे? त्याला काय सांगायचे होते? उद्या कुलदीपला मुलगी कोण देईल, याचा विचार ना तुम्ही केला ना वच्छलेने. आता तो इथे शेतकी कॉलेजात आहे, सुखात आहे, नाचाचे नाव काढत नाही.

तुम्ही मनातल्या मनात म्हणत असाल की शेंदूरजनाघाटच्या वरातीत मी स्वतः रुमाल दातात धरून नागीण केली. केली. पण नाचणे वेगळे आणि नाच शिकणे वेगळे. वरातीत माणूस आनंदाने नाचतो, दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. पायात घुंगरू बांधून कोणी वरातीत येत नाही.

डहाळीबद्दल. ती जोडीने रोवायची असते हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षीच्या घटनेनंतर तुम्हाला त्रास नको म्हणून यंदा तो मान श्यामराव आणि आमची धाकटी बहीण माया यांना देण्याचे मी ठरवले आहे. तुम्ही पाहुण्यासारखे आरामात या. पंख्याखालची खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवतो. संत्रा बर्फी खास सांगितली आहे.

राग थुंकून टाका आणि आमच्यावर माया ठेवा.

तुमचा,
जानराव हिवसे

*

अमरावती,
१९ मार्च २०२६

श्रीयुत जानराव हिवसे यांस,
खुशालराव निचत यांचा सा. न. वि. वि.

पत्नी गेली तेव्हा मी जावईही उरलो नाही, एवढे आपण लेखी दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. पत्रिकेवर आशीर्वाद देण्यास ती चालते. मांडवात माझ्या शेजारी नाही म्हणून मी चालत नाही. दोन्ही विधाने एकाच माणसाने एकाच महिन्यात करावीत, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

श्यामरावांना अवश्य बोलवा. थोरला जावई मांडवाच्या दारात बसलेला असताना धाकट्याने डहाळीला हात लावला तर आपल्या घरातील बायका काय म्हणतील, ते इंदूवहिनींना विचारून ठेवा.

माझी अट अशी. मांडवाच्या संध्याकाळी नागपूरची मंडळी समोर बसलेली असताना कुलदीप नाचेल. त्या दिवशी तुटलेले घुंगरू मी नव्या दोरीत ओवून घेतले आहेत. ते आपण स्वतः जमिनीवर बसून, आपल्या हातांनी, त्याच्या पायांत बांधाल. मग मी डहाळी रोवीन. अन्यथा मी खुर्चीवरून उठणार नाही. आणि वरमाईंनी सहज विचारले की भाऊसाहेब का रुसले, तर गुरुपौर्णिमेची हकिगत मी त्यांना सावकाश, सनावळीसह सांगेन. आपण त्यांना सांगितलेल्या कलेच्या रक्ताला ती पुरवणी होईल.

आपले डोके त्या मुलाच्या पायांशी वाकलेले मला पाहायचे आहे. इतके स्पष्ट वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहिले. लिहून बरे वाटले.

पंख्याखालची खुर्ची नको. मांडवाच्या दारातली हवी.

आपला,
खुशालराव निचत

*

अकोला,
२८ मार्च २०२६

ती. स्व. आतोबांना,
कुलदीपचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही व्हॉट्सॲप बघत नाही म्हणून पत्र लिहून राहिलो. अक्षराला हसू नका. आत्या माझ्या अक्षराला पाऊस पडलेली मुंगळ्यांची रांग म्हणायची.

तुमची दोन्ही पत्रं आईनं मला वाचायला दिली. बाबांनी दुसरं पत्र वाचलं आणि जेवले नाहीत. मग मध्येच उठून विचारलं की घुंगरू बांधायला किती वेळ लागतो. आई म्हणाली, तोडायला लागला त्याच्यापेक्षा जास्त. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त पत्रिका वाटून राहिले.

आतोबा, मी त्या दिवशी नाचणार नाही.

राग मानू नका. मला बाबांची भीती वाटते म्हणून नाही. भीती वाटते, पण त्याच्यामुळे नाही. आत्या म्हणायची की पायात राग घेऊन उभं राहिलं की लय पुढे पळते आणि समेवर आपण एकटेच पोचतो. मी तुमचा राग घेऊन उभा राहिलो तर तेच होईल. तुम्हाला बाबांना वाकवायचं आहे. मला नाचायचं आहे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मी नाच सोडला असं बाबांना वाटते, ते खोटं आहे. दुकानाच्या गोदामात खताच्या पोत्यांमागे थोडी फरशी मोकळी आहे. तिथे अनवाणी करतो, आवाज होऊ नये म्हणून. एकदा माझ्या वर्गातल्या बंडू तायडेनं पाहिलं. तो कबड्डीचा गडी, मांडी माझ्या कमरेएवढी. मला वाटलं, आता कॉलेजभर बोंब होते. तर तो दारात उभा राहून म्हणाला की हे मलेही शिकव बे, पायाला पकड येईल. मग तो आणखी तिघांना घेऊन आला. त्यांच्या गल्लीतली दोन लहान पोट्टीही येऊन बसतात. पण गोदामात आता सोयाबीनचं बियाणं उतरेल, जागा जाईल. मी एका हॉलवाल्याकडे गेलो. आधी तो हो म्हणाला, त्याला झुंबा वाटलं होतं. कथक आणि सगळे मुलगे म्हटल्यावर त्यानं मला चहा पाजला आणि नाही म्हणाला.

आत्याशी शेवटचं बोललो ते आईच्या फोनवरून, चोरून. तिनं बाबांचं नाव काढलं नाही. आवाज अगदी बारीक झाला होता. विचारलं की तिकडे नवीन कोणी मुलगा आला का रे. तेव्हा कोणी नव्हता. आता सहा आहेत, तर सांगायला ती नाही.

तुम्हाला काही करायचं असेल तर ह्याचं काही करा.

मी तुमचा राहीन, एवढं धरून चाला.

तुमचा,
कुलदीप

*

अमरावती,
४ एप्रिल २०२६

चि. कुलदीप यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी रागावलो. दोन दिवस ते मेजावर पालथे ठेवले होते. ज्या मुलासाठी भांडायचे त्यानेच शस्त्र खाली ठेवावे, हे मला अपमानास्पद वाटले. नंतर तिच्या खोलीत गेलो. आरसे मी झाकून ठेवलेले आहेत. मुलग्यांसाठी तिने भिंतीवर ज्या खुंट्या ठोकून घेतल्या होत्या त्या तशाच आहेत. त्यांवर काहीही टांगलेले नाही. तुझे म्हणणे योग्य आहे, असे त्या खुंट्यांकडे पाहून मला मान्य करावे लागले.

तथापि सूड मी सोडलेला नाही. त्याचा आकार तेवढा बदलला आहे. मांडवात तू नाचू नकोस. पंगतीत वाढ.

मला दोन गोष्टी कळव. तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मंडळाच्या बैठकीचा जो हॉल आहे, तो संध्याकाळी रिकामा असतो काय? आणि तुझे वडील संध्याकाळी दुकानातून आल्यावर नेमके कोठे बसतात?

हे पत्र आईस दाखवलेस तरी चालेल. वडिलांस दाखवू नये.

तुझा हितचिंतक,
खुशालराव निचत

*

अकोला,
२ मे २०२६

भाऊजींना,
इंदूचा नमस्कार.

आरती नागपूरले सुखरूप पोचली. पोरगी खुश आहे, जावई गरीब स्वभावाचे आहेत, अजून रुसायले शिकले नाई. तुमच्याकडे शिकवणीले पाठवू का?

तुमी लग्न उरकून दुसऱ्याच दिवशी निघून गेले, मागचं तुमाले काय माहीत! मांडवाच्या दिवशी घरात आतून काय चाललं होतं ते ऐका आता. तुमी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारात खुर्ची टाकली, आन् पेपर उघडला. श्यामराव हातात डहाळी घेऊन उभे, जसा काही बसची वाट पाहून राहिले. आमची माया त्यांच्या कानात म्हणे की थोरल्या भाऊजींसमोर हात लावाल तर मी तुमच्यासोबत घरी येत नाई. डोमाजी आचारी कढई पालथी घालून तिच्यावरच बसला. म्हणे, बाई, थोरले जावई रुसले आन् मी तेल तापवू? चाळीस मांडव केले मी, मले बट्टा नोका लावू.

हे आत खोलीत. कपाळाले हात लावून म्हणे की सोन्याची अंगठी दे. अंगठी पाठवली, तुमी पेपरचं पान पलटवलं. मग सफारीचं कापड पाठवलं. मग म्हणे, स्कुटी घे म्हणा. मी म्हटलं, भाऊजी स्कुटीवर बसून कुठं जातील, वच्छाताईच्या मागं? तवा त्यांनी स्कुटीचं नाव सोडलं. म्हटलं ते चांगलंच म्हटलं मी, अजून पस्तावली नाई.

आन् तेवढ्यात वरमाई आल्या. मी दाराआड उभी होती. मले वाटलं आता तुमी अंगणातली ती सारी कथा सांगता, आन् लग्न गेलं उडत. त्यांनी हसून विचारलं की भाऊसाहेब, कशावर अडलं आहे. तुमी उठून उभे राहिले, पेपरची घडी घातली, आन् त्यांना म्हणाले की माझ्या पत्नीच्या नावाने मुलग्यांचा नृत्यवर्ग सुरू करण्यासाठी मला या घराचा वरचा हॉल रोज संध्याकाळी हवा आहे, आणि पाटी जानरावांनी स्वतः लावावी. बस. एवढंच. त्या बाईनं टाळीच वाजवली! यांच्याकडे वळून म्हणतात कशा, जानरावजी, एवढ्या सुंदर मागणीला वेळ का लावला, आमच्याकडचा एक भाचाही सुट्टीत पाठवते. मग काय! हे बाहेर आले. दात उपटवून घेताना माणूस हासते ना, तसे हासले. म्हणाले, दिलाच म्हणून समजा.

भाऊजी, तुमी ती गोष्ट सांगितली नाई. तलवार काढून तुमी तिनं सुपारी कातरली. मी ते विसरणार नाई.

डहाळी रोवताना मले रडू आलं. जोडी लागते म्हणून हे सांगत होते ना? तुमी एका हातानं डहाळी धरली आन् दुसऱ्या हातात घुंगरांची पिशवी. कोणाले दिसली नाई, मले दिसली. खड्ड्यात डहाळी टेकवली तशी पिशवी वाजली.

आता खरं बोला. कुलदीपले तुमी पत्रात विचारलं होतं की बाबा संध्याकाळी कुठं बसतात. मले तवा काई समजलं नाई. यांचा झोपाळा बैठकीत आहे, बरोबर हॉलच्या खाली! परवापासून वर्ग सुरू झाला. बंडू तायडेनं पहिला पाय टाकला तसा यांच्या चहात चुना पडला. हे वर पाहून राहिले, मी खाली पाहून हासून राहिली. कावेबाज आहे जी तुमी! वच्छाताई तुमाले उगाच साधाभोळा म्हणत होती.

प्रकृतीले जपा, भाजी-पोळी करून खात जा, आन् आमाले परकं करू नोका.

तुमची,
इंदू

*

अकोला,
३० मे २०२६

श्री. खुशालराव जावईबापू यांस,
जानराव हिवसे यांचा रामराम.

हे पत्र तक्रारीचे आहे असे समजावे.

वर्ग रोज सहाला सुरू होतो. मुलांची संख्या वाढते आहे. व्याह्यांचा भाचाही आला आहे. बैठकीच्या छताचा गिलावा दोन ठिकाणी सुटला. भिंतीवरचा माझा सत्काराचा फोटो रोज तिरपा होतो, मी रोज सरळ करतो. झोपाळा हलवायचा म्हटले तर दुसरीकडे कड्या नाहीत. मंडळाचे लोक बैठकीला येतात, वर पाहतात आणि विचारतात की जानरावभाऊ, वर काय आहे? मी सांगतो, बहिणीचे आहे. दुसरे काय सांगणार, पाटी मीच लावली. परवा त्यांतल्याच एकाने हळूच विचारले की माझा नातू मोबाइल सोडत नाही, त्याला घेतात का. मी म्हटले, वर जाऊन विचारा, मी खालचा माणूस आहे.

दुसरी तक्रार. तो बंडू तायडे समेवर उशिरा येतो. बाकी सगळे एकदम थांबतात आणि मग त्याचा एक पाय धप्पकन पडतो. रोज. सगळे थांबले की माझा जीव टांगणीला लागतो, की आता पडतो, आता पडतो. हिशेब करताना माझी बेरीज चुकते. कुलदीपला सांगितले तर तो म्हणाला, बाबा, तुम्हाला सम समजली? मी म्हटले, डोक्यावर महिनाभर आदळली तर दगडालाही समजेल.

तिसरी. दोरी हलक्या प्रतीची होती. परवा वर्गात एका लहान पोराच्या पायांतले घुंगरू तुटून फरशीभर झाले. तुम्ही कुलदीपला दिलेलेच ते, त्याने पोराला बांधायला दिले होते. पोर भोकाड पसरून रडू लागले. त्याला वाटले, आता आपल्याला काढून टाकतील. खाली मला ते रडणे ऐकवेना. घुंगरू फरशीवर पडले की कसा आवाज होतो, ते मला ठाऊक आहे. मी दुकानातले दाभण आणि पोती शिवायची सुतळी घेऊन वर गेलो. प्रत्येक घुंगरामागे गाठ मारावी लागते, नाहीतर एक तुटला की सगळे जातात, हे मला माहीत नव्हते. कुलदीपने दाखवले. बसून ओवले. बोटे सोलली. सुतळी मेणाची आहे, माझ्या हयातीत तुटायची नाही. मग पोर पाय पुढे करून उभे राहिले, तेव्हा बांधूनही दिले.

काही घुंगरू कमी पडतात. डाव्या पायाचे उजव्यापेक्षा हलके वाजतात. खाली फरक कळतो.

अधिक महिना चालू आहे. वच्छला नाही, पण जावई जावईच असतो. इंदूने धोंड्याला बोलावले आहे. मीही बोलावतो आहे. मागच्या पत्रात डहाळीबद्दल मी जे लिहिले ते लिहायला नको होते.

येण्याचे करावे.

तुमचा,
जानराव हिवसे

*

अमरावती,
५ जून २०२६

ती. स्व. जानरावदादा यांस,
खुशालरावाचा सा. न. वि. वि.

आपली तक्रार पोचली. गिलावा, फोटो आणि झोपाळा यांबाबत काहीही करता येणार नाही. हॉल निवडताना याच तीन गोष्टींचा मी विचार केला होता. बंडू तायडे याच्याविषयी कुलदीपला लिहीत आहे. कबड्डीत उशिरा पाय टेकणे फायद्याचे असते, नृत्यात नसते, हे त्याला समजावून सांगितले पाहिजे.

आपल्या पत्रातील एका भागाबद्दल मात्र मला तीव्र नापसंती नोंदवायची आहे. आपण जमिनीवर बसलात, घुंगरू ओवलेत आणि एका मुलाच्या पायांत वाकून बांधलेत. हे दृश्य पाहण्यासाठी मी लग्न अडवणार होतो. त्याच्या आशेवर मी एक वर्ष काढले. खरे सांगायचे तर दुसऱ्या कशाच्याही आशेवर काढले नाही. आणि ते प्रत्यक्ष घडले त्या संध्याकाळी मी अमरावतीत स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून मेथी निवडत होतो. मला न कळवता, कोणी न सांगता, आपण ते करून मोकळे झालात. हा माझ्यावर अन्याय आहे, आणि तो कोणापुढे मांडावा हे मला समजत नाही. ज्या व्यक्तीपुढे मांडला असता ती हसली असती.

मी आपल्याला क्षमा केलेली नाही. तसे समजून निश्चिंत होऊ नये. वर्ग आपल्या डोक्यावर चालू राहील. आपल्याला तो आवडू लागला असल्यास ती माझी चूक समजा, माझा हेतू नव्हे. आपल्या मंडळातील ज्या गृहस्थांनी नातवाविषयी विचारले, त्यांना खालच्या माणसानेच हाताला धरून वर न्यावे. गुरुपौर्णिमेनंतर पाच मुलगे आपल्या शब्दावर गेले. आपल्या शब्दावर किती येतात ते आता मला पाहायचे आहे.

घर येथे फार शांत आहे. तिच्या खोलीतील आरसे मी काल उघडले. खुंट्यांवर टांगण्यास माझ्याकडे काही नाही, म्हणून माझीच छत्री टांगून ठेवली.

गेल्या आठवड्यात जास्वंदीचे आळे खणून घेतले. मातीत घुंगरू निघाले. तिला न सापडलेले ते हेच असावेत. चिंचेच्या पाण्यात घासून घेतले, काळपटपणा गेला, वाजतात. डाव्या पायाला कमी पडतात ते बहुधा एवढ्यांनी भरून येतील.

धोंड्याला येत आहे. घुंगरू सोबत आणतो. दाभण आणि मेणाची सुतळी तयार ठेवावी. आपण जमिनीवर बसून ओवाल आणि मी झोपाळ्यावर बसून पाहीन. या वेळी मी उपस्थित असेन.

वर पोरे नाचत असतील तीच वेळ ठरवावी.

लोभ जेवढा उरला असेल तेवढा माझ्यासाठी राखून ठेवावा.

आपला,
खुशालराव